पोतनीसकाकांचे वाकडे रूळ

"परत वाकले."

दाराआडून पोतनीसकाकांचा आवाज आला. काकूंची वाटी परत करायला मी जिना उतरत होते. खोलीत काकांशिवाय कुणी नव्हतं हे मला माहीत होतं. ते त्यांच्या कॉम्प्युटरशीच बोलत होते. आवाजात राग नव्हता. कारखान्यातला नापास माल परत पाठवताना ते असेच शांतपणे बोलत असतील.

"कोण, सईबाई का? आत ये. तू बघ जरा."

मी आत गेले. पडद्यावर त्यांची आगगाडी उभी होती. इंजिनाच्या काचेतून लांबवर जाणारे रूळ दिसत होते आणि सगळ्या चित्रावर हिरवे-गुलाबी चौकोन उमटले होते, कुणी टिकल्यांचं पाकीट उधळावं तसे. मधूनच आभाळाचा एक तुकडा काळा पडायचा आणि परत निळा व्हायचा.

"दिसतंय ना?" काकांनी विचारलं.

"हं," मी म्हणाले.

मी चौकोनांबद्दल 'हं' म्हणाले होते. ते रुळांबद्दल विचारत होते. हा फरक माझ्या लक्षात यायला पुढे बराच काळ गेला, आणि तेवढ्या काळात त्यांच्या डोळ्यांचं काय होत चाललंय ते कुणीच पाहिलं नाही. ग्राफिक्स कार्ड बिघडलंच होतं, त्यात शंका नाही. पण दोन गोष्टी एकाच वेळी बिघडत होत्या आणि एक दुसरीला झाकत होती.

देवासचं ते घर पोतनीसांचं. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. माझे बाबा जळगावकडून इथल्या कारखान्यासाठी आलेले. पोतनीस मात्र मूळचे धारचे, संस्थानात कुणीतरी दप्तर सांभाळलेलं घराणं. काकांचं मराठी जुनं होतं. माझ्या आईला ते 'वहिनीसाहेब' म्हणायचे, जेवणाला 'पानं घ्या' म्हणायचे, आणि लगेच फाटकाशी जाऊन रिक्षावाल्याला "भिया, थोड़ा साइड में ले ले यार" असंही म्हणायचे. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. मराठी मी घरात ऐकून शिकले, वाचायला अजूनही वेळ लागतो. ते बोलायला लागले की मी ऐकत बसायची. त्यांना बोलणं सोपं जायचं आणि मला गप्प राहणं, त्यामुळे आमचं बरं जमायचं.

कारखान्यात ते क्वालिटीला होते. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मापायचा आणि पुष्कळदा परत पाठवायचा. कामगार पाठीमागे त्यांना 'टेढे साब' म्हणत, कारण त्यांच्या तोंडी एकच वाक्य असायचं: टेढा है. हे नाव त्यांना ठाऊक होतं. काकू म्हणायच्या, ठाऊक कसलं, आवडतं त्यांना ते.

एकदा धारला त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. आम्हालाही बोलावणं होतं. अंतरपाट धरायची वेळ झाली, गुरुजी घाई करत होते, आणि काका मांडवाच्या एका खांबापाशी मान मागे टाकून उभे. "हा वाकडा आहे," ते म्हणाले. कुणीतरी हसलं. काकांनी कोटाच्या खिशातून पितळेचा छोटा ओळंबा काढला, दोरीला लटकवून खांबाला लावला आणि सगळ्यांना दाखवला. दोन बोटांचा फरक होता.

"काका, मुहूर्त जाईल हो," गुरुजी म्हणाले.

"मुहूर्त पंचांगात आणखी आहेत. मांडव डोक्यावर पडला तर डोकं दुसरं नाही."

मांडववाल्याला बोलावून खांब सरळ करून घेतला, मग अक्षता पडल्या. ज्यांच्या हातातला तांदूळ तोवर घामानं चिकटला होता त्यांनी काकांना शिव्या दिल्या असतील, पण मनात. कारण खांब खरंच वाकडा होता.

तीच तर अडचण होती. ते बरोबर असायचे. आमच्या दारावर बाबांनी नावाची पाटी लावली तेव्हा काका खालून पाणसळ घेऊन वर आले आणि त्यातला हवेचा बुडबुडा बाबांना दाखवला. बाबा आधी "नाही हो, सरळ आहे" म्हणाले होते. त्या एका 'नाही'पायी आमची सबंध सकाळ गेली. पाटी निघाली, भिंतीत नवी भोकं पडली. तेव्हापासून आमच्याकडे रिवाजच पडला. काका 'वाकडं आहे' म्हणाले की 'हो' म्हणायचं. काकू म्हणायच्या, दूधवाला म्हणायचा, शेजारी म्हणायचे. त्यात खोटेपणा वाटत नसे. माणूस मोठा, त्याचं म्हणणं बहुधा खरं, आणि 'हो' म्हटलं की आपण आपल्या कामाला मोकळे.

रूळ वाकायला लागले त्या वर्षात मात्र ओळंबा खिशातून बाहेर निघेनासा झाला. समोरच्या घरात न्हाणीघराला फरश्या बसवल्या, त्या बघायला काका गेले आणि दारातूनच म्हणाले, मधल्या दोन ओळी लाटेसारख्या गेल्यात. त्या घराच्या मालकानं 'हो' म्हटलं. मी विचारलं, "काका, पाणसळ आणू का?"

"आता कशाला? एवढ्या वर्षांनी नजरच पाणसळ झालीय."

त्या वर्षात खूप गोष्टी वाकड्या निघाल्या. वर्तमानपत्राचे रकाने, कालनिर्णयाच्या चौकटी, अंगणातली कपड्यांची तार. "छपाईचा काही दर्जाच राहिला नाही," काका म्हणायचे आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवायचे. पुढे ते उघडेनासेच झाले.

आता त्या आगगाडीचं सांगते. काकांच्या लहानपणी धारला रेल्वे नव्हती. आगगाडी बघायची तर इंदूरला जावं लागे. लहान असताना वडिलांबरोबर ते एकदा गेले, इंजिनात ड्रायव्हर उभा असलेला पाहिला आणि घरी येऊन जाहीर केलं की मी हेच करणार. पोतनीसांच्या घरात हे कुणी ऐकून घेण्यासारखं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी गेम खेळण्याचा तगडा कॉम्प्युटर घेतला, आतून निळा दिवा लागणारा, आणि आगगाडी चालवायचा गेम. कॉलनीत पुष्कळ हसले. काकूंचं बोलणं ठरलेलं: "धारच्या माणसाला आगगाडीचे डोहाळे. सासूबाईंनी पुरवले नाहीत, आता मी पुरवते."

गाडी चालवायला बसताना काका आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसायचे. वेग कधी जास्त नाही, शिट्टी योग्य जागी, गाडी फलाटावर खुणेपाशी उभी. दोन स्टेशनांच्या मध्ये त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. काकू चहाचा कप घेऊन दारात थांबायच्या.

"स्टेशन कधी यायचंय?"

"सिग्नल मिळाला नाही अजून."

"तुमच्या गाडीला सिग्नल आहे हो, माझ्या दुधाला नाही. उतू गेलं ते."

कॉम्प्युटर जुना होत गेला. आधी पंखा घरघरायला लागला, मग चित्र अडकायला लागलं, मग ते चौकोन आले. काकांना त्याचं दुःख झालं असं मला वाटलं नाही. उलट एक काम मिळाल्यासारखे ते सरसावून बसले. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ते मला म्हणाले. "दोन बदलल्यास, तर चोर कोण ते कळत नाही." त्यांनी झाकण उघडून ब्लोअरनं धूळ उडवली. पडद्याची केबल बदलली. मग आमचा टीव्ही खाली नेऊन त्याला जोडला. त्याच्यावरही चौकोन आले, म्हणजे पडदा निर्दोष सुटला. कार्डाला वीज देणारी तार दुसरी लावून पाहिली. कार्ड बाहेर काढून त्याच्या चिपवरचं उष्णता ओढून घेणारं मलम वाळलं होतं ते पुसलं, नवीन लावलं. मग कार्डावर मुद्दाम ताण देणारा एक प्रोग्राम चालवला. तापमानाचे आकडे पडद्याच्या कोपऱ्यात चढत होते.

"तू वाचून सांग. माझा चष्मा आत राहिलाय."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. मला दिसत होता. मी आकडे वाचत गेले. ते चढले, पंखा ओरडायला लागला आणि पडदा काळा झाला.

"सापडला," काका म्हणाले. "कार्डच."

मी त्यांच्याकडे बघत होते. बोलताना त्यांनी चेहरा जरा डावीकडे वळवलेला होता, कबुतर बघतं तसा. हल्ली ते कुणाशीही बोलताना असंच बघायचे. विचार करतायत असं मला वाटायचं.

धारला लोकेश नावाचा काकांच्या ओळखीतला एकजण होता. त्यानं गेम खेळायचं पार्लर काढलं होतं. पोरं मोबाईलवर खेळायला लागली तसं ते बंद पडलं. त्याच्याकडे चांगली कार्डं पडून होती. काका म्हणाले, आपलं कार्ड त्याच्या मशीनला लावून तपासू आणि त्याचं घेऊन येऊ. "सईबाईला घेऊन जा बरोबर," काकू म्हणाल्या, "नाहीतर तिथल्या सगळ्या भाचरांकडे जेवत बसाल." मी घरूनच काम करायची, त्या दिवशी सुट्टी होती. आम्ही काकांच्या जुन्या मारुतीतून निघालो, चालवायला अर्थात काका.

लोकेशचं दुकान छोटं होतं, खुर्च्या एकावर एक रचलेल्या. त्यानं काकांचं कार्ड आपल्या मशीनमध्ये घातलं. जरा वेळात त्याच्याही पडद्यावर तेच हिरवे-गुलाबी चौकोन आले.

"काकासाब, ये तो गया," तो म्हणाला. "इसकी तेरहवीं कर दो."

मग त्यानं आपलं एक कार्ड बसवलं. चित्र एकदम स्वच्छ आलं. पडद्याचा प्रत्येक भाग बघता यावा म्हणून त्यानं पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या रेघांची जाळी लावली, गणिताच्या वहीसारखी. "देखो, चकाचक."

काका खुर्ची पुढे ओढून बसले. मान डावीकडे, मग उजवीकडे.

"हे मध्ये वाकलंय."

"कहाँ काकासाब?"

"हे काय. मधोमध. रेघा आत ओढल्यासारख्या झाल्यात. आणि इथे जरा पुसट आहे. तुझा स्क्रीनही गेला, लोकेश."

लोकेशनं जाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मोठ्यानं हसला. "काकासाब को तो पूरा धार टेढ़ा दिखता है!" काकाही हसले. "आहेच टेढा," ते म्हणाले. "म्हणून तर मी देवासला गेलो."

मी जाळीकडे बघत राहिले. एकही रेघ वाकडी नव्हती. घरातला कॉम्प्युटर वेगळा, हा वेगळा. पडदा वेगळा, कार्ड वेगळं, तारा वेगळ्या. दोन्हीकडे सारखं असं काय होतं, हे काकांनीच शिकवलेल्या रीतीनं मोजत गेले. शेवटी उरले फक्त काकांचे डोळे.

"चला, बराच उशीर झालाय," काका म्हणाले आणि लोकेशचं कार्ड घेऊन गाडीत बसले. मी शेजारी बसले.

घाटाबिल्लोदच्या अलीकडे रस्ता बराच सरळ आहे. ऊन होतं, दोन्हीकडे गव्हाची शेतं. काका नेहमीसारखे बोलत होते.

"हे बघ काम. रस्त्याचा पांढरा पट्टा बघ कसा मारलाय. पिऊन मारला असणार. नागासारखा गेलाय."

पट्टा सरळ होता. अगदी दूरवर, जिथे रस्ता संपल्यासारखा दिसतो तिथवर सरळ.

"दिसतंय ना?"

"हं," मी म्हणाले. हा शब्द माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडला. आजवर इतक्यांदा पडला होता.

पुढे एक दूधवाला मोटरसायकलवर चालला होता, दोन्ही बाजूंना किटल्या. मला तो केव्हापासून दिसत होता. जवळ येत होता, मोठा होत होता. काका वेग कमी करतील म्हणून मी वाट बघत होते. ते करत नव्हते. ते कारखान्यातल्या कुठल्याशा लेथबद्दल सांगत होते. माझा हात डॅशबोर्डवर गेला आणि त्याच क्षणी त्यांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी आडवी व्हायच्या बेतात थांबली. किटल्यांचा आवाज पुढे निघून गेला. दूधवाल्यानं मागे वळून काहीतरी म्हटलं.

"कुठून आला हा एकदम?" काका म्हणाले. "शेतातून घुसला बहुतेक. ही लोकं बघतच नाहीत."

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. मग बेटमा येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. ते गप्प आहेत हे मला त्या ब्रेकपेक्षा जास्त भीतीचं वाटलं.

घरी आल्यावर मी मोबाईलवर शोधलं. सरळ रेघा वाकड्या दिसणं, मधोमध पुसट डाग दिसणं, समोरचं न दिसता बाजूचं दिसणं. तिथे लिहिलं होतं की डोळ्याच्या पडद्याचा असा विकार वयस्कर माणसांना होतो, लगेच दाखवलं तर थांबवता येऊ शकतो, उशीर केला तर गेलेली नजर परत येत नाही. मी ते दोनदा वाचलं.

काकू स्वयंपाकघरात होत्या. मला जेवढं जमलं तेवढं मी सांगितलं. "काकू, काकांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं. त्यांना सरळ गोष्टी वाकड्या दिसतायत."

काकू हसल्या. "अगं, त्यांना जन्मभर वाकडंच दिसलंय. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा म्हणाले होते, मुलीचा भांग वाकडा आहे."

"तसं नाही काकू. रस्त्यावर..."

"आणि डोळे तर नवे बसवलेत की! मोतीबिंदू काढून दोन्हीकडे नवीन भिंग. डॉक्टरच म्हणाले, आता वीस वर्षं बघायला नको." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "घाबरलीस का गाडीत? जोरात ब्रेक लावायची सवयच आहे त्यांना."

नवे डोळे. एकदा मी काकांनाही आडून विचारलं, "काका, चष्म्याचा नंबर बदलला असेल का?" ते म्हणाले, "नव्या भागावर संशय घ्यायचा नाही, सईबाई. जुने भाग आधी तपासायचे." भिंग नवं होतं म्हणून ते डोळा तपासत नव्हते. भिंगाच्या मागे काय असतं, ते नवं नसतं, हे त्यांच्या हिशेबात आलं नव्हतं. इतका काटेकोर माणूस, पण आपल्या रीतीत स्वतःला त्यानं कधी यंत्राचा भाग म्हणून धरलंच नव्हतं.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तू कशाला सांगतेस त्यांना? घरमालक आहेत, मोठे आहेत. अनघाताई येतेच आहे, ती बघेल."

अनघाताई म्हणजे काकांची मुलगी, नागपूरला असते. आपल्या छोट्या मुलीला घेऊन ती आठवड्याभरासाठी येणार होती, आणि काकांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं की रविवारी सगळ्यांनी मांडूला जायचं. नातीला जहाज महाल दाखवायचा. गाडी ते स्वतः चालवणार. अनघाताई फोनवर म्हणाली होती, बाबा, ड्रायव्हर करू या. काकांनी उत्तर दिलं ते मी जिन्यातून ऐकलं: "मांडूच्या घाटात माझी नात भाड्याच्या ड्रायव्हरच्या हातात देऊ? मी ती वळणं डोळे मिटून घेतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. घाटाचा रस्ता मी पाहिलेला आहे. एका बाजूला दरी, कठड्याचे दगड मध्ये मध्ये गायब, आणि वर चढताना समोरून उतरणाऱ्या बसेस एकदम वळणावर दिसतात.

शनिवारी अनघाताई आली. संध्याकाळी खालच्या घरात तिखटामिठाच्या पुऱ्यांचा वास होता. मी पुऱ्या लाटायला मदत करत होते. दिवसभर मी अनघाताईला एकटी गाठायचा प्रयत्न करत होते. दोनदा तोंड उघडलं, दोनदा कुणीतरी आलं. आता ती आतल्या खोलीत मुलीला झोपवत होती.

"अनघा, बाबांना सांग लवकर झोपायला," काकू म्हणाल्या. "उजाडताच निघायचंय."

"ते कुठे ऐकतायत? नवीन कार्ड बसवलंय ना. गाडी चालवतायत बघ."

"सईबाई!" बाहेरच्या खोलीतून हाक आली. "ये इकडे. मोबाईल घेऊन ये."

मी हात धुतले आणि गेले.

काका इस्त्रीच्या सदऱ्यात बसले होते. टेबलावर मारुतीची किल्ली, बाटलीत भरलेलं पाणी, आणि उद्यासाठी काढून ठेवलेली टोपी. पडद्यावर आता एकही चौकोन नव्हता. लोकेशचं कार्ड खरंच चांगलं होतं. गाडी सपाट मुलखातून चालली होती आणि इंजिनाच्या पुढे दोन रूळ, ऊन पडलेले, एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर, क्षितिजाला जाऊन टेकत होते.

"परत वाकले," काका म्हणाले. "कार्ड बदललं. केबल बदलली. टीव्ही लावून पाहिला. विजेची तार बदलली. आणि अजून वाकतायत. तू फोटो काढ याचा. लोकेशला पाठवू, म्हणावं तुझंही कार्ड टेढं आहे."

मी फोटो काढला. मोबाईलच्या पडद्यावर रूळ तसेच आले, सरळ, बारीक, स्वच्छ. काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, मान डावीकडे केली.

"आले बघ. फोटोतही आलंय. म्हणजे पुरावा झाला."

त्यांचं बोट त्या छोट्या पडद्यावर फिरत होतं, जिथे त्यांना रूळ वाकताना दिसत होते तिथे. ते नाग काढत होते. रस्त्यावरच्या पट्ट्याला त्यांनी जे म्हटलं होतं तेच.

"दिसतंय ना?"

आतून अनघाताईचं अंगाईगीत ऐकू येत होतं. काकू कढईत पुरी सोडत होत्या. माझ्या घशाशी तो नेहमीचा 'हं' आला. मी तो परत गिळला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्याऐवजी हात कीबोर्डवरून उचलला, गेम थांबवला, आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

त्यांना तसं बसलेलं मी अजून बघू शकते. मागून पडद्याचा उजेड, पांढऱ्या केसांच्या कडा चमकणाऱ्या, सदऱ्याची वरची गुंडी लावलेली. ते माझ्याकडे बघत होते, पण नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. कानाच्या जरा पलीकडे, भिंतीवर कुठेतरी होती. माझा चेहरा त्यांना दिसावा म्हणून ते माझ्या शेजारी बघत होते. कपाळावर आठी होती. वाकड्या वस्तूकडे बघताना पडायची तशी नव्हती ती. लहान मुलानं अंधारात हाक मारल्यावर पलीकडून उत्तर आलं नाही की त्याचा चेहरा होतो, तसा झाला होता तो. त्यांना कळलं होतं का? मला वाटतं दूधवाल्याच्या किटल्या वाजल्या तेव्हा तर थोडंसं कळलंच होतं, संशय त्याआधीचा असेल, म्हणूनच ते सगळ्यांना 'दिसतंय ना' विचारत आले होते, आणि आम्ही सगळे 'हो' म्हणत होतो.

"नाही," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मलाच नीट ऐकू आला नाही.

"काय म्हणालीस?"

मी टेबलावरची किल्ली उचलून मुठीत धरली. मग स्वयंपाकघरात काकूंना आणि आत अनघाताईलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "काका, रूळ सरळ आहेत. फोटोतही सरळ आहेत, धारच्या रस्त्यावरचा पट्टाही सरळ होता. उद्या गाडी तुम्ही चालवायची नाही."